बोगनवेलीचं कुंपण



संयोजकांनी आम्हाला फोनवर सांगितलं होतं की जव्हारच्या इतिहासातलं काहीतरी बोला. आम्ही विषय कळवला, बोगनवेल. पलीकडे जरा वेळ शांतता. मग ते हळूच म्हणाले, "सर, इतिहासातलं म्हटलं होतं." (हशा) आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस निवृत्तीनंतर बागकामावर बोलायला लागला तर लोकांना काळजी वाटणारच. पण आज दुपारी विक्रमगड सोडून गाडी वर चढायला लागली, तेव्हा दोन्ही बाजूंचं रान वाळलेलं, साग उघडे पडलेले, आणि मध्येच एखाद्या विश्रामगृहाच्या, एखाद्या शाळेच्या, एखाद्या बंगल्याच्या कुंपणावर हा राणी रंगाचा भडका. तुम्ही रोज बघता, म्हणून तुम्हाला त्याचं काही वाटत नाही. आम्हाला मात्र ती वेल बघितली की इथल्याच एका पाड्यावरची जुनी गोष्ट आठवते, आणि ती आमच्या अभिमानाची नाही. ती शेवटी सांगू. आधी वेलीचा इतिहास, कारण तोही तुमच्या जव्हारच्या इतिहासापासून वाटतो तितका लांब नाही.

नावापासून सुरुवात करू. आपण म्हणतो बोगनवेल, कुणी बुगनवेल म्हणतं. ऐकणाऱ्याला वाटतं, 'बोगन' नावाची कसली तरी वेल, जशी कृष्णकमळाची, जाईची, गुळवेलीची. पण त्यातला 'वेल' हा आपला वेल नव्हेच. लुई आंत्वान द बूगाँव्हील नावाच्या फ्रेंच दर्यावर्दी माणसाचं ते आडनाव आहे. फ्रेंच भाषेत 'व्हील' म्हणजे गाव, शहर. म्हणजे आपल्याकडे जसे नांदगावकर, वडगावकर, तसं हे गावावरून पडलेलं आडनाव. मराठी माणसानं ते ऐकलं, झाडाकडे बघितलं, झाड भिंतीवर चढत होतं, आणि गावाची सरळ वेल करून टाकली. कुणी समिती नेमली नाही, परिभाषा कोश काढला नाही. भाषेनं आपलं काम आपण केलं. आमच्या मते मराठीत आलेल्या परकीय नावांत इतकं बेमालूम बसलेलं दुसरं नाव सापडायचं नाही.

हा बूगाँव्हील कोण? जन्म १७२९, मृत्यू १८११. मूळचा गणिती. ऐन पंचविशीत त्यानं समाकलनावर, म्हणजे इंटिग्रल कॅल्क्युलसवर, ग्रंथ लिहिला. मग सैन्यात गेला, कॅनडात इंग्रजांशी लढला आणि १७६६ मध्ये फ्रान्सच्या राजाच्या वतीनं दोन जहाजं घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. एका जहाजाचं नाव 'बुदूझ', म्हणजे रुसलेली. दुसऱ्याचं 'एत्वाल', म्हणजे तारा. या दुसऱ्या जहाजावर वनस्पतींचे नमुने गोळा करायला फिलिबेर कॉमर्सन नावाचा डॉक्टर होता. १७६७ च्या जूनमध्ये जहाजं ब्राझीलच्या रिओ द जानेरो बंदरात होती, आणि तिथं ही वेल युरोपीय शास्त्राच्या हाती पहिल्यांदा लागली. कॉमर्सननं तिला आपल्या कप्तानाचं नाव दिलं. छापील पुस्तकात ते नाव आलं १७८९ साली, ज्युस्यू या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ग्रंथात. तोवर कॉमर्सन मरून सोळा वर्षं झाली होती. छापतानाही नावाचं स्पेलिंग चुकलं, आणि ते नीट व्हायला विसावं शतक उजाडलं. तेव्हा आपण बोगनवेल म्हणतो त्याला फ्रेंचांनी फार हसू नये.

इथं एक माणूस आम्ही मुद्दाम मागे ठेवला. कॉमर्सनचा एक मदतनीस होता. ठेंगणा, दणकट, फारसा कुणात न मिसळणारा. कॉमर्सनचा पाय सतत दुखावलेला असे, त्याला डोंगर चढवत नसे. मग वनस्पती दाबायच्या फळ्या, कागदांचे गठ्ठे, खाणं, बंदूक, सगळं हा मदतनीस पाठीवर घेऊन जाई आणि नमुने तोडून आणी. कॉमर्सन त्याला आपलं ओझ्याचं जनावर म्हणे. १७६८ साली जहाजं ताहिती बेटावर पोचली, तेव्हा तिथल्या लोकांनी बघताक्षणी ओळखलं की हा पुरुष नाही. ती झान बारे. फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या गरीब घरची, कॉमर्सनच्या घरी काम करणारी, औषधी झाडपाला जाणणारी बाई. फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बाईला बंदी होती, म्हणून पुरुषाचे कपडे घालून दीड वर्ष तिनं शेकडो खलाश्यांच्या मध्ये काढलं.

काही अभ्यासकांचं म्हणणं असं की रिओत कॉमर्सनच्या पायाची जी अवस्था होती ती बघता ही वेल प्रत्यक्ष तोडून आणली ती बारेनंच असणार. हे आज सिद्ध करता येणार नाही. पण एवढं नक्की की कप्तान काही ती शोधायला गेला नव्हता. ज्याच्या नावानं वेल ओळखली जाते त्यानं ती शोधलेली नाही, आणि जिनं ती बहुधा तोडून आणली तिचं नाव तिला नाही. कॉमर्सननं एका दुसऱ्या झाडाला बारेचं नाव द्यायचं मनात घेतलं होतं, पण त्या झाडाला आधीच दुसरं नाव मिळालेलं निघालं आणि ते बारगळलं. पुढं या दोघांना मॉरिशसमध्ये उतरवलं गेलं, कॉमर्सन १७७३ मध्ये तिथंच वारला, आणि बारे काही वर्षांनी फ्रान्सला परतली. जगाला फेरी घातलेली, आपल्याला माहीत असलेली पहिली बाई ती. तिच्या नावाची वनस्पती शास्त्रात आली २०१२ साली. वांगी-बटाट्याच्या कुळातली, दक्षिण अमेरिकेतली एक जात आहे ती. अडीचशे वर्षांनी का होईना.

जाता जाता सांगतो, मराठीत वेल हा शब्द दोन्ही लिंगांत चालतो. तो वेल, ती वेल, दोन्ही बरोबर. बारेबाईंना आपली भाषा आवडली असती. (हशा)

आता वेलीकडे बघू. बोगनवेलीचं फूल कसं असतं, असं विचारलं तर तुम्ही म्हणाल, गुलाबी, राणी, भगवं, पांढरं, कागदासारखं पातळ. आम्ही वर्गात भ्रम शिकवायचो तेव्हा दोरी आणि साप, शिंपला आणि चांदी ही ठरलेली उदाहरणं असत. पोरं कंटाळत. एके वर्षी आम्ही कॉलेजच्या फाटकावरची बोगनवेलीची डहाळी तोडून वर्गात नेली आणि म्हटलं, यातलं फूल दाखवा. सगळ्यांनी तो रंगीत भाग दाखवला. तो फूल नाही. ती पानं आहेत, रंगलेली पानं. नीट बघा, त्यावर पानासारख्या शिरा असतात. अशा तीन रंगीत पानांच्या मध्ये, प्रत्येकाच्या मधल्या शिरेला चिकटून, बारीक नळीसारखं, टोकाला पांढरट तोंड असलेलं काहीतरी असतं. ते फूल. आपल्या नजरेत भरतं ते पान असतं, आणि फुलाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

पण दोरी-सापात आणि यात एक फरक आहे, आणि तो आमच्या ध्यानात फार उशिरा आला. दिवा आणला, दोरी दिसली, की साप नाहीसा होतो. इथं तसं होत नाही. पान आहे हे कळल्यावरसुद्धा आपण उद्या बोगनवेल 'फुलली' असंच म्हणणार. आम्हीही म्हणतो. मघाशी दोनदा तोंडाशी आलं, गिळलं. माहिती बदलली तरी बोलणं बदलत नाही, असे काही भ्रम असतात. इतिहासात ते जास्त.

या पानांचा रंग कुठून येतो? आपल्याकडच्या पुष्कळशा लाल-जांभळ्या फुलांतलं रंगद्रव्य निराळं आणि हिचं निराळं. हिचं बिटाच्या रंगाच्या जातीचं. गुलबक्षी ही हिची बहीण, तीही अमेरिकेतूनच आलेली. आणि दुसरी एक नातेवाईक तुमच्या पायाखाली आहे. पुनर्नवा, ज्याला कुणी घेटुळी म्हणतं, कुणी खापरा. पावसाळ्यात जमिनीसरपट पसरते, पाला भाजीला घेतात, मूळ औषधाला. उन्हाळ्यात नाहीशी होते आणि पाऊस पडला की परत येते, म्हणून पुनर्नवा. एकाच कुळातल्या या दोघी. एक कुंपणावर चढून बसली, एक रस्त्याच्या कडेला खाली राहिली. बोगनवेलीला आकडे नसतात, तणावे नसतात, ती काट्यांच्या जोरावर वर जाते. आधार दिसला की काटा रुतवायचा आणि पुढं सरकायचं.

हिंदुस्थानात ती आली १८६० च्या सुमारास, युरोपातून, कलकत्त्याच्या बागेत. एकदा आली आणि मग लोकांनी तिच्यावर काय काय प्रयोग केले! १९२३ च्या आसपास 'मिसेस बट' नावाची किरमिजी जात आली. कलकत्त्यातच पुढं तिच्या एका फांदीवर पांढरी आणि राणी अशी दोन्ही रंगांची पानं एकत्र आली, तिला 'मेरी पामर' म्हणतात. 'थिमा' नावाची जात तुम्ही बघितली असेल, तिची साधी हिरवी पानंसुद्धा मध्ये पिवळी असतात. म्हणजे बहर नसला तरी नुसत्या पानांसाठी लावावी अशी. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत गॅमा किरण सोडून अशा चित्रविचित्र पानांच्या जाती काढल्या गेल्या. जगभरच्या बोगनवेलींच्या जातींची नोंदणी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आहे. ब्राझीलची वेल, नाव फ्रेंच, आणि तिचा जन्ममृत्यूचा दाखला दिल्लीत. सगळ्यांत गंमत अशी की यातलं काहीही बियांवर फारसं चालत नाही. फांदी तोडा, खोचा, पाणी घाला. जी फांदी खोचली तीच वेल पुढं वाढते. बागेतून बंगल्यावर, बंगल्यावरून कचेरीत, कचेरीतून शाळेत ती अशीच आली असणार, कुणाच्या तरी पिशवीतून, कुणी तरी हौसेनं मागून घेतलेली.

आणि बहुतेक ठिकाणी ती लावली गेली कुंपणाला. आता जव्हारमध्ये कुंपणाविषयी बोलायचं म्हणजे बैलाच्या कातड्याची गोष्ट आलीच. तुम्हा जव्हारकरांना ती पाठ आहे, पण जे पुढं ऑनलाइन ऐकतील त्यांच्यासाठी थोडक्यात. इंपीरियल गॅझेटियरमध्ये म्हटलं आहे की दख्खनवर मुसलमानी स्वारी झाली त्या १२९४ सालापर्यंत जव्हार वारली सरदाराकडे होतं. मग मुकणे घराण्याचा मूळ पुरुष, महादेव कोळी जयबा, यानं बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. मिळाली. त्यानं कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडली, आणि त्यात सगळं राज्य वेढून घेतलं. त्याच्या मुलाला दिल्लीच्या बादशहानं राजा हा किताब दिला तो दिवस ५ जून १३४३. जव्हारच्या सरकारी कागदांत त्या दिवसापासून नवा शक चालवला गेला.

हीच गोष्ट भूमध्य समुद्राकाठी कार्थेजच्या डिडो राणीची म्हणून सांगतात, आणि गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबालाही तीच आठवली. गणितात तर दिलेल्या लांबीच्या दोरीत जास्तीत जास्त जागा कशी वेढायची, या प्रश्नाला डिडोचाच प्रश्न म्हणतात. उत्तर वर्तुळ. आम्ही एकदा रिकामपणी हिशोब केला. बैलाचं कातडं धरू चार चौरस मीटर. दोन मिलिमीटर रुंदीची वादी काढली तर दोन किलोमीटर लांब होते. तिचं वर्तुळ केलं तर साधारण ऐंशी एकर जमीन आत येते. वाईट नाही. पण जव्हार संस्थान होतं ३१० चौरस मैलांचं! तेवढं वेढायला शंभर किलोमीटर वादी लागेल, म्हणजे ती डोक्याच्या केसापेक्षा बारीक कापावी लागेल. तेव्हा एक तर बैल फार मोठा असला पाहिजे, नाही तर गोष्ट सांगणारा हुशार असला पाहिजे. (हशा)

गोष्ट खरी की खोटी, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटत नाही. ती कुणाच्या बाजूनं सांगितली जाते ते बघा. जमीन मागणारा चतुर, देणारा भोळा. देणाऱ्याचं नाव गोष्टीत नाही. तो फक्त 'वारली सरदार'. वादी जेव्हा त्याच्या दारावरून, विहिरीवरून, नाचणीच्या खाचरावरून गेली असेल, तेव्हा तो काय म्हणाला हे गोष्ट सांगत नाही. गोष्टीत तो फसतो आणि संपतो. पण इतिहासात तो संपलेला नाही, हे या तालुक्यात तरी सांगायला नको. त्याच्या वारसांनी नंतर सावकाराचं कुंपण बघितलं, जंगल खात्याच्या हद्दीचे दगड बघितले, आणि २००६ चा वनहक्क कायदा झाल्यावर आपल्याच कसलेल्या तुकड्यावर ग्रामसभेकडे दावा दाखल करायला रांग लावली.

बूगाँव्हीलनंही असंच एक कातडं पसरलं होतं. ताहिती सोडताना त्यानं एका फळीवर हे बेट फ्रान्सचं आहे असं कोरून ती जमिनीत पुरली. बेटावरच्या माणसांना विचारलं नाही. दिदेरो या फ्रेंच तत्त्ववेत्त्यानं १७७२ मध्ये त्या प्रवासवर्णनाला एक काल्पनिक पुरवणी लिहिली. ती छापली गेली दिदेरो मेल्यावर, १७९६ मध्ये. तिच्यात ताहितीतला एक म्हातारा बूगाँव्हीलला तोंडावर जाब विचारतो. उद्या आमच्यातला कुणी तुझ्या किनाऱ्यावर उतरला आणि तुझ्या दगडावर असंच काही कोरलं, तर तुला कसं वाटेल, असा त्याचा रोख आहे. आम्ही ही पुरवणी पस्तीस वर्षं शिकवली. मुलांना ती फार आवडे. आम्ही त्या म्हाताऱ्याच्या बाजूनं इतक्या तावातावानं बोलायचो की कुणाला वाटावं, आमची जमीन गेली आहे. आणि याच काळात आम्ही मोखाड्यात जे केलं, ते आता सांगतो.

१९७७ चा जानेवारी. आमच्या कॉलेजचं राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर होतं. पाड्याचं नाव आम्ही घेत नाही. साठ मुलं-मुली, दहा दिवस श्रमदान. रस्ता दुरुस्त केला, शाळेला चुना मारला. शेवटच्या दोन दिवसांत काम उरलं नाही. मग आमच्याच डोक्यात कल्पना आली की शाळेच्या आवाराला कुंपण हवं. गुरं आत येतात, मुलांनी लावलेली रोपं खातात. तारेला पैसे नव्हते. तालुक्याच्या एका सरकारी बंगल्यावर बोगनवेल माजली होती, तिथल्या माणसानं फांद्या हव्या तेवढ्या न्या म्हटलं. बैलगाडी भरून आणल्या. चर खणला, फांद्या खोचल्या, काटेरी काटक्यांची वई घातली. मुलं खूश, मुख्याध्यापक खूश. समारोपाला आम्ही छोटं भाषणही केलं. त्यात सौंदर्यदृष्टी हा शब्द होता.

फांद्या खोचत असताना एक वारली बाई डोक्यावर हंडा घेऊन उभी होती. पन्नाशीची असेल. बराच वेळ बघत होती. मग तिनं आम्हालाच विचारलं, "याचं काय खातात?"

आम्ही म्हटलं, काही नाही.

"पाला?"

नाही.

"कांद येतो?"

नाही. शोभेची वेल आहे, म्हटलं.

ती म्हणाली, "मग लावता कशाला?" आणि हंडा सावरून निघून गेली. मुलं हसली. आम्हीही हसलो. तो प्रश्न अडाणीपणाचा वाटला आम्हाला, आणि त्याची लाज आम्हाला आजही वाटते. कारण ती ज्या जगात राहत होती तिथं वेल म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. चाईच्या वेलाचा मोहोर भाजीला येतो. करांद्याच्या वेलाला हवेत लटकणारे कंद येतात, दिवाळीच्या सुमाराला ते उकडून खातात. जे कडू असतात ते कापून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे, राख घालून उकडायचे, मग विष उतरतं. कोणता कडू, कोणता गोड, किती वेळ पाण्यात ठेवायचा, हे चुकलं तर माणूस आजारी पडतो. सह्याद्रीत उक्षी नावाची दणकट वेल आहे. तिच्याही फुलात डोळ्यात भरतो तो पाकळीचा भाग नव्हे, बाहेरचा निदल, अगदी बोगनवेलीसारखीच हुलकावणी. पण भर उन्हाळ्यात तिचं खोड तोडलं तर पाणी गळतं, आणि रानात हिंडणारा माणूस ते पितो. अशा जगातल्या बाईनं नव्या वेलीची चौकशी केली होती. आमच्या शास्त्रज्ञांनी वेलीची जी चौकशी केली तिच्याहून ती कमी नव्हती. फक्त तिच्याजवळ वही नव्हती.

तीन वर्षांनी, १९८० च्या मे महिन्यात, आम्ही सहज म्हणून पुन्हा त्या पाड्यावर गेलो. खरं तर बोगनवेल बघायला गेलो. आणि ती काय सुंदर झाली होती म्हणून सांगू! पुरुषभर उंच, एक हिरवं पान दिसत नव्हतं. नुसता राणी रंग. आम्ही फोटो काढले.

मग दुपारी बायका पाण्याला निघाल्या तेव्हा कळलं. झऱ्याची वाट शाळेच्या आवारातून जात होती. आम्ही जानेवारीत आलो होतो, तेव्हा जवळच्या विहिरीला पाणी होतं आणि ती वाट वापरात नव्हती, पुसट झाली होती. आमच्या नजरेला ती वाट म्हणून दिसलीच नाही. उन्हाळ्यात विहीर आटते आणि मग झरा हाच आधार. आता बायकांना शाळेला वळसा घालून, खालच्या ओहोळातून, दगडधोंड्यांतून जावं लागत होतं. डोक्यावर दोन हंडे. कुणी आमच्याजवळ तक्रार केली नाही. मुख्याध्यापक बदलून गेले होते. आम्ही विचारलं, कुणी तोडलं का नाही? एक पोरगा म्हणाला, शाळेचं आहे. सरकारी.

बोगनवेलीला बहर येतो तो पाणी तुटतं तेव्हा. पावसाळ्यात ती हिरवी राहते, माजते. जमीन कोरडी पडली, ताण बसला, की पानं रंगतात. आम्ही ज्याचे फोटो काढत होतो तो त्या पाड्याच्या पाणीटंचाईचा रंग होता. आणि ही काही १९८० ची गोष्ट म्हणून सोडून देण्यासारखी नाही. याच मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ वैतरणेवर मध्य वैतरणा धरण झालं. २०१४ पासून त्यातून मुंबईला दिवसाला साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी जातं. मुंबईच्या हमरस्त्यांच्या मधोमध जी बोगनवेल लावलेली असते तिच्यावर टँकरनं पाणी मारताना आम्ही बघितलं आहे. आणि मार्च-एप्रिलमध्ये इकडे यावं तर मोखाड्याच्या पाड्यांवरही टँकरच असतो, आला तर. धरणावर आमचा राग नाही, मुंबईत आम्हीही ते पाणी पितो. पण आपण कुणाचं पाणी पितो हे माहीत असलं पाहिजे.

१९८० च्या त्या दुपारी आम्ही कोयता मागून तिथल्या तिथं वाट मोकळी करायला हवी होती. केली नाही. आम्ही पाहुणे, शाळा सरकारी, नवे मुख्याध्यापक रजेवर. तालुक्याला एक पत्र लिहिलं. पत्राचं उत्तर आलं नाही, आणि आम्हीही पुन्हा लिहिलं नाही. वर्गात मात्र त्या जूनमध्ये दिदेरोचा म्हातारा पुन्हा तावातावानं शिकवला.

१९९२-९३ साली वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंमुळे जव्हारचं नाव सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी झालं. ज्यांना हा तालुका नकाशात दाखवता आला नसता ते अग्रलेख लिहायला लागले. आम्हीही एक लेख लिहिला, चांगला वठला होता. त्याच सुमाराला, दिवाळीनंतर, काही सामान पोचवायच्या निमित्तानं आम्ही या भागात आलो आणि त्या पाड्यावर तिसऱ्यांदा गेलो.

कुंपण होतं. बहर नुकता धरत होता, इकडेतिकडे एखादी फांदी रंगलेली. आणि मधोमध, बरोबर जुन्या वाटेवर, हंडा घेतलेली बाई आडवी न होता जाईल एवढी फट. दोन्ही बाजूंना कोयत्याचे घाव, काही जुने काळे पडलेले, काही ताजे. म्हणजे वेल दर वर्षी फट बुजवत होती आणि दर वर्षी कुणी तरी ती मोकळी करत होतं. तोडलेल्या काटेरी फांद्या वाया गेल्या नव्हत्या. शेजारच्या परसात त्यांची वई घातलेली होती, आत मिरची आणि काकडीचा वाळत आलेला मांडव.

कुंपणाच्या टोकाला आमच्या बोगनवेलीवर दुसराच वेल चढला होता. पानं हृदयाच्या आकाराची, पिवळी पडत चाललेली, उन्हात सोन्यासारखी दिसत होती. आणि जागोजाग लटकलेले तपकिरी, खडबडीत कंद. करांदे. आमच्या फांद्यांचा त्याला आयता आधार झाला होता.

ती बाई अजून होती. केस पूर्ण पांढरे. आम्हाला तिनं ओळखलं असं नाही. सांगितल्यावर मात्र आठवलं, हसली. काट्यांतून हात घालून तिनं पाच-सहा करांदे तोडले, पदरात घेतले, त्यातले दोन आमच्या हातावर ठेवले.

म्हणाली, "आता खातात याचं."